लिलिपॉन्डमध्ये पान बिघडलं, तर कुठून सुरुवात करायची

लिलिपॉन्ड या मजकुरावरून स्वरलिपीचं पान मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये स्वर टाइप करायला हात लवकर बसतो. घाम फुटतो तो त्यानंतर. पीडीएफ उघडावी तर शेवटची ओळ दुसऱ्या पानावर एकटीच बसलेली, एका कडव्याच्या वेलांट्या दुसऱ्या कडव्याच्या उकारांत घुसलेल्या, आणि मधेच एक ओळ कागदाच्या उजव्या कडेवरून सरळ बाहेर निघून गेलेली. माउसने ओढून नीट करावं म्हटलं तर ओढायला काही नाहीच. हातात आहे ती फक्त मजकुराची फाइल.

स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येतं, एखादं गाणं लिलिपॉन्डमध्ये लिहूनही झालंय, पण पान काही मनासारखं दिसत नाही, अशांसाठी हे लिहितोय. आपल्याकडे अशी मंडळी कमी नाहीत. पियानो-गिटार शिकवणारे आहेत, चर्चच्या कॉयरसाठी मराठी गीतं चार सुरांत बसवणारे आहेत. गोव्यात तर पॅरिश शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या स्टाफ शिकवला, आणि तिथून आलेल्या वादकांनी मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांसाठी पानंच्या पानं हाताने लिहून काढली. ते काम आता संगणकावर होतं, इतकंच.

आज्ञांची नावं मी इथे देवनागरीत देतोय. फाइलमध्ये ती इंग्रजी स्पेलिंगनेच जातील, आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक तिथे मोजला जातो. अचूक स्पेलिंग मॅन्युअलच्या इंडेक्समध्ये बघून घ्या. \ अशी उलटी रेघ असलेला शब्द दिसला की ती लिलिपॉन्डची आज्ञा समजा.

आधी क्रम ठरवा

लिलिपॉन्ड १९९६ मध्ये हान-वेन निएनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतप्रेमींनी सुरू केलं. हाताने धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या जुन्या स्वरलिपीसारखं पान संगणकाने स्वतःच्या अकलेने मांडावं, ही त्यामागची इच्छा. त्यामुळे ओळ कुठे तोडायची, पान कुठे संपवायचं, हे तो एकेका ओळीपुरतं ठरवत नाही. अनेक शक्यता तपासतो, कुठली मांडणी एकूण कमी वाईट दिसते ते मोजतो आणि ती निवडतो. म्हणून तिसऱ्या बारमध्ये एक शब्द लांबला की दुसऱ्या पानावरची ओळ वेगळ्या जागी तुटू शकते.

नवशिक्यांचा बहुतेक वेळ इथेच वाया जातो. डोळ्यांना खुपतो तो एखादा स्लर (स्वरांना जोडणारी कमान), म्हणून आधी स्लर ढकलायचा. मग मार्जिन बदलायचं. मार्जिन बदललं की ओळी नव्याने तुटतात, आणि ढकललेला स्लर आता हवेत. म्हणून मोठ्याकडून लहानाकडे या: आधी संगीत बरोबर आहे का, मग कागद, मग ओळी, मग उभी-आडवी अंतरं, आणि अगदी शेवटी एकेक खूण. हा क्रम पाळला तर शेवटच्या पायरीवर करायला फारसं काही उरतच नाही.

पायरी १: इशारे वाचा

पीडीएफ तयार झाली म्हणजे सगळं ठीक, असं नाही. लिलिपॉन्ड पुष्कळशा चुका पोटात घालून पीडीएफ देतोच, पण लॉगमध्ये, म्हणजे काम करताना तो दाखवतो त्या संदेशांत, तक्रार नोंदवतो. फ्रेस्कोबाल्डी हा एडिटर वापरत असाल (वापराच, फुकट आहे आणि याच कामासाठी बनवलाय) तर लॉगमधल्या ओळीवर क्लिक केलं की कर्सर थेट त्या जागी जातो. उलटही चालतं: पीडीएफमधल्या स्वरावर क्लिक करा, फाइलमधला तोच स्वर समोर येतो.

सगळ्यात महत्त्वाची तक्रार बारचेकची. प्रत्येक बारच्या शेवटी | ही उभी रेघ टाइप करायची सवय लावा. ती छापली जात नाही. ‘इथे बार संपायला हवा’ एवढंच ती सांगते. बार तिथे संपत नसेल तर लॉगमध्ये बारचेक फसल्याचा इशारा येतो आणि सोबत १/४ असा अपूर्णांक. त्याचा अर्थ, तुम्ही नव्या बारमध्ये एक पाव स्वर आधीच आत आला आहात.

ही लेआउटची गोष्ट कशी? तर लिलिपॉन्ड ओळ तोडतो ती बारलाइनवर, आणि तीही तिथून एखादा स्वर आरपार जात नसेल तरच. समजा गाणं अपुऱ्या बारने सुरू होतं आणि तुम्ही \पार्शल लिहायला विसरलात. आता पूर्ण गाणं एका मात्रेने सरकलं. ठिकठिकाणी लांब स्वर बारलाइन ओलांडून जातात, तोडायला जागा मिळत नाही, आणि ओळ कागदाबाहेर पळते. मार्जिनशी दिवसभर झुंजलात तरी ती आत येणार नाही. एक \पार्शल लिहिलं की आपोआप येते.

\ब्रेक लिहूनही ओळ तुटत नसेल तर कारण बहुधा हेच. लॉगमध्ये ‘सक्तीचा ब्रेक दुसऱ्या कशामुळे तरी रद्द झाला, बारचेक वापरायला हवेत का?’ अशा अर्थाची ओळ सापडेल. समजा कॉयरमधल्या सोप्रानो या सर्वांत वरच्या आवाजाचा बार नीट संपलाय, पण त्याखालच्या आल्टोचा एक लांब स्वर बारलाइन ओलांडतोय. तेवढ्याने सगळ्यांचीच ओळ अडते. इशारे बरेच असतील तर पहिल्यापासून सुरू करा. मागचे बरेचसे पहिल्याचेच परिणाम असतात.

बारलाइनच नसलेलं संगीत ही वेगळी अडचण. आलापासारखा मुक्त भाग \कडेन्झाऑन करून लिहिला की तिथे बार पडत नाहीत, म्हणजे तोडायची जागाही नाही. जिथे तोडलेलं चालेल तिथे \बार लिहून पुढे रिकामी अवतरणचिन्हं द्या. न दिसणारी बारलाइन तयार होते आणि ओळीला वळायला जागा मिळते.

पानावर न मागितलेला एक जादा स्टाफ उगवला असेल, तर तोही इनपुटचाच दोष. स्टाफ सुरू होण्याआधीच एखादी \ओव्हरराइड (मूळ सेटिंग बदलणारी आज्ञा) लिहिली गेली की लिलिपॉन्ड तिच्यासाठी बिचारा एक वेगळा स्टाफ उघडून बसतो. आज्ञा स्टाफच्या कंसात न्या, किंवा लेआउट ब्लॉकमध्ये (फाइलमधला मांडणीच्या सेटिंग्जचा \लेआउट हा भाग).

पायरी २: कागद आणि स्टाफचा आकार

फाइलच्या वर, पहिल्या ओळीत \व्हर्जन असू द्या. नेटवरून उचललेले जुने तुकडे चालत नाहीत त्याचं कारण बहुतेकदा आवृत्ती असतं. २०११ च्या २.१४ आवृत्तीत उभ्या अंतरांची सगळी व्यवस्था बदलली. त्याआधीची नावं आज निरर्थक आहेत. आणि इथे एक खोडी आहे: पेपर ब्लॉकमध्ये (कागदाच्या सेटिंग्जचा \पेपर हा भाग) चुकीचं किंवा जुनं नाव लिहिलं तर लिलिपॉन्ड कुरकुरसुद्धा करत नाही. त्या नावाची नवी व्हेरिएबल बनवतो आणि गप्प बसतो. आकडा बदलूनही पान तसूभर हलत नसेल तर आधी स्पेलिंग तपासा.

कागदाचा आकार सेट-पेपर-साइझने द्या, आणि तो पेपर ब्लॉकमध्ये देत असाल तर सगळ्यात वर द्या. मार्जिनं त्यानंतर.

मग स्टाफचा आकार. हा एक आकडा बाकीच्या दहा आकड्यांपेक्षा जास्त काम करतो आणि नवशिके त्याला शेवटी हात लावतात. सेट-ग्लोबल-स्टाफ-साइझ, मुळात तो २० पॉइंट असतो, म्हणजे पाच रेघांची उंची सुमारे ७ मिमी. दोन रेघांमधल्या अंतराला लिलिपॉन्ड स्टाफ-स्पेस म्हणतो आणि जवळपास सगळं त्यातच मोजतो. २० च्या आकारात एक स्टाफ-स्पेस साधारण पावणेदोन मिमी. पुढे कुठेही १२ किंवा २.८ असा आकडा दिसला तर तो मिलिमीटर नाही, स्टाफ-स्पेस आहे. स्टाफ लहान केला की अक्षरं, अंतरं, सगळं त्याच प्रमाणात आकसतं; रेघा तेवढ्या त्यामानाने किंचित जाड राहतात. म्हणून पान दाटलेलं न दिसता मावतं. कॉयरला १८ सहज चालतो, १६ सुद्धा चालतो. खिशात मावणाऱ्या अभ्यासाच्या प्रतीत ११-१२ पर्यंत जातात, पण ते स्टँडवर ठेवून वाचायचं नसतं.

पहिल्या ओळीची डावीकडची मोकळी जागा म्हणजे इंडेंट. ती वाद्याच्या नावासाठी असते. नाव नसेल तर इंडेंट शून्य करा. तेवढ्यानेही कधी कधी अख्खा एक बार वर येतो.

पायरी ३: ओळी

आता एक ठोस उदाहरण घेऊ आणि पुढे तेच चालवू. मराठी गीत, दोन स्टाफ, वर सोप्रानो-आल्टो, खाली टेनर-बेस, मधे तीन कडवी, एकूण २४ बार. एका ए-फोर पानावर हवंय. लिलिपॉन्डने ओळीला चार बार बसवले आणि सहावी ओळ दुसऱ्या पानावर गेली.

जरा हिशेब करू. वरच्या स्टाफच्या मधल्या रेघेपासून पहिल्या कडव्यापर्यंत साधारण साडेपाच स्टाफ-स्पेस, पुढच्या दोन कडव्यांना २.८ प्रमाणे ५.६, मग खालच्या स्टाफपर्यंत चार-साडेचार, आणि दोन्ही स्टाफचे बाहेरचे अर्धे मिळून ४. झाले सुमारे साडेएकोणीस, म्हणजे ३४ मिमी. अशा सहा ओळींना २०५ मिमी. मधल्या पाच फटींना आदर्श अंतर द्यायचं तर आणखी ७०. ए-फोरची उंची २९७. त्यातून शीर्षक आणि मार्जिनं काढा. मावणार नाही हे उघड आहे. स्टाफ १८ केला तर ओळी आणि फटींचे २७५ मिमी साधारण २४८ वर येतात. शीर्षक आटोपशीर असेल तर काम झालं, काही हलवावं लागलं नाही.

तरीही एक ओळ उरली तर पेपर ब्लॉकमध्ये पेज-काउंट १ लिहा. लिलिपॉन्ड मग फटी दाबून बसवायचा प्रयत्न करतो. नाहीच बसलं तर संगीत पानावर मावत नसल्याचा इशारा देतो. तो आला की हट्ट सोडा आणि स्टाफचा आकार कमी करा. दुसरा मार्ग सिस्टिम-काउंट, म्हणजे ओळींची संख्या (सिस्टिम म्हणजे एकत्र गायच्या स्टाफची मिळून एक ओळ). ५ लिहिलं की २४ बार पाच ओळींत कोंबले जातील, पण प्रत्येक स्वराखाली अक्षर आहे आणि मराठी अक्षरं रुंद असतात. बिनशब्दांच्या संगीतात हा उपाय छान, गाण्यात जपून.

कडवं कुठे संपतं तिथेच ओळ तुटावी असं वाटत असेल तर \ब्रेक जरूर वापरा. मात्र ते स्वरांच्या मधे पेरू नका. वेगळी व्हेरिएबल करा: चार बारची न दिसणारी विश्रांती (एस अक्षराने लिहितात ती), मग \ब्रेक, पुन्हा चार बार, पुन्हा \ब्रेक. ही व्हेरिएबल सुरावटीशेजारी दुहेरी कोनी कंसात ठेवली की दोन्ही एकाच वेळी चालतात. उद्या मोठ्या अक्षरांची प्रत काढायची झाली तर स्वरांना हात न लावता फक्त हा सांगाडा बदलायचा.

शेवटची ओळ अर्धीच भरते आणि तरी कडेपर्यंत ताणली जाते, हे विचित्र दिसतं. रॅग्ड-लास्ट चालू करा. रॅग्ड-राइट मात्र नाही. त्याने सगळ्याच ओळींच्या उजव्या कडा वाकड्यातिकड्या होतात.

पायरी ४: उभी अंतरं

इथे थोडं थांबू, कारण ‘आकडा बदलला पण काहीच झालं नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त इथूनच येते.

दोन ओळींमधलं अंतर सिस्टिम-सिस्टिम-स्पेसिंग नावाच्या एका संचाने ठरतं. त्यात चार आकडे असतात. बेसिक-डिस्टन्स, म्हणजे सगळं मोकळं असेल तर ठेवायचं आदर्श अंतर, मुळात १२. मिनिमम-डिस्टन्स, दाबायची वेळ आली तरी ज्याच्या खाली जायचं नाही ते, मुळात ८. ही दोन्ही अंतरं वरच्या सिस्टिमच्या शेवटच्या स्टाफच्या मधल्या रेघेपासून खालच्या सिस्टिमच्या पहिल्या स्टाफच्या मधल्या रेघेपर्यंत मोजतात, मधे शब्द असोत वा नसोत. तिसरा आकडा पॅडिंग, मुळात १. हा मात्र खऱ्याखुऱ्या शाईपासून शाईपर्यंत मोजला जातो: वरच्या ओळीतली सर्वांत खाली उतरलेली वस्तू आणि तिच्या बरोबर खाली येणारी पुढच्या ओळीतली वस्तू. चौथा स्ट्रेचॅबिलिटी, मुळात ६०. पानावर जागा उरली तर कोणत्या फटीने किती ताणायचं त्याचं प्रमाण.

आता बघा. आपल्या कॉयरच्या गीतात शब्द दोन स्टाफच्या मधे आहेत, सिस्टिमच्या तळाशी काही लोंबत नाही. तिथे बेसिक-डिस्टन्स १२ वरून १० केलं की फटी लगेच कमी होतात. पण एकाच स्टाफवरची सुरावट आणि तिच्याखाली तीन कडवी असं गाणं असेल, तर तिसरं कडवं मधल्या रेघेपासून ११ स्टाफ-स्पेस खाली गेलेलं असतं. तिथे बेसिक-डिस्टन्स १२ असो की ६, पुढची ओळ कडव्याच्या खाली पॅडिंग सोडूनच सुरू होणार. आकडा पाळला जातोय, फक्त त्याला काही बोलायला वाव उरलेला नाही. अशा गाण्यात जागा वाचवायची तर पॅडिंग बदला किंवा कडव्यांमधलं अंतर बदला.

एकच आकडा बदलायचा असेल तर संचाच्या नावापुढे टिंब देऊन तेवढाच बदला: सिस्टिम-सिस्टिम-स्पेसिंग, टिंब, बेसिक-डिस्टन्स. पूर्ण संच नव्याने लिहिलात आणि त्यात पॅडिंग राहून गेलं, तर तुमचं आधीचं पॅडिंग गेलं. मग ओळी एकमेकींना चिकटतात आणि कारण सापडत नाही.

कुठला आकडा राज्य करतोय हे अंदाजाने शोधू नका. पेपर ब्लॉकमध्ये ॲनोटेट-स्पेसिंग चालू करा. पीडीएफवर बाण आणि आकडे उमटतात: ही फट कोणत्या नावाच्या संचाने ठरली आणि प्रत्यक्षात किती निघाली. पान भयंकर दिसतं, पण पाच मिनिटांत उलगडा होतो. फ्रेस्कोबाल्डीत हेच लेआउट कंट्रोलच्या खिडकीत एका टिकमार्कवर मिळतं. तिथेच स्कायलाइन दाखवायचीही सोय आहे. स्कायलाइन म्हणजे प्रत्येक ओळीची वरची-खालची खरी बाह्यरेषा. पॅडिंग मोजलं जातं ते तिच्यापासून.

शीर्षक आणि पहिली ओळ यांच्यातलं अंतर मार्कअप-सिस्टिम-स्पेसिंग ठरवतं. वरच्या मार्जिनपासूनचं टॉप-सिस्टिम किंवा टॉप-मार्कअप. नियम तेच चार. पान पूर्ण भरलं नाही आणि खाली मोकळं राहिलं तर रॅग्ड-लास्ट-बॉटम बंद करून बघा. शेवटचं पानही मग तळापर्यंत ताणलं जातं. तीनच ओळी असतील तर असं करू नका, पान उपाशी दिसतं.

*देवनागरी शब्द*

लिलिपॉन्डला युनिकोड समजतं, त्यामुळे शब्द थेट देवनागरीत टाइप करा. पण त्याच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. तुम्ही फॉन्ट सांगितला नाहीत तर संगणकावर जो सापडेल तो उचलतो, आणि मग घरच्या आणि शाळेच्या मशीनवर एकाच फाइलची पानं वेगळी तुटतात. लेआउट ब्लॉकमध्ये लिरिक-टेक्स्टच्या फॉन्ट-नेमला नोटो सेरिफ देवनागरी, मुक्त किंवा तिरो देवनागरी मराठी असं एक नाव ठरवून द्या.

कडव्यांमधलं मूळ २.८ चं अंतर रोमन अक्षरांच्या मापाचं आहे. वरच्या कडव्यात ‘पूर्ण’चा ऊकार आणि नेमका त्याच्या खाली ‘कैवल्य’ची दुहेरी मात्रा आली की दोघांत सुई जायला जागा नसते. लिरिक्सच्या नॉनस्टाफ-नॉनस्टाफ-स्पेसिंगमधलं मिनिमम-डिस्टन्स ३.२ किंवा ३.४ करा. सगळ्या ओळींत कडवी सारख्या अंतरावर दिसायला हवीत, म्हणून इथे पॅडिंगपेक्षा मिनिमम-डिस्टन्स वाढवणं बरं. पॅडिंग जिथे शाई आहे तिथेच लागू पडतं आणि एका ओळीत कडवी जवळ, दुसरीत लांब असं होतं.

शब्द फोडताना दोन डॅशच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी. ‘भक्ती’ दोन स्वरांवर जात असेल तर ‘भ’ आणि ‘क्ती’ असं फोडावं. ‘भक्’ आणि ‘ती’ केलं तर पाय मोडलेला क छापला जातो आणि गाणारा अडखळतो. उच्चाराच्या हिशेबाने दुसरं बरोबर असेलही, पण वाचताना पहिलं सोपं, आणि पान गाणाऱ्यासाठी असतं. आणि हो, शब्दांचा ब्लॉक बंद करणाऱ्या महिरपी कंसाआधी जागा सोडा; जुन्या आवृत्त्यांत तो कंसही शब्दाचाच भाग समजला जायचा.

पायरी ५: आडवी अंतरं

स्वर एकमेकांपासून किती लांब, हे लिलिपॉन्ड त्या भागात नेहमी दिसणारा सर्वांत लहान स्वर कोणता यावरून ठरवतो. स्पेसिंग-स्पॅनरची बेस-शॉर्टेस्ट-ड्युरेशन ही त्याची किल्ली. पाव स्वरांचंच गाणं फार फाकलेलं वाटत असेल तर तिथे मोठी किंमत द्या. सोळांशांची झुंबड दाटली असेल तर १/१६ द्या. एकदाच, लेआउट ब्लॉकमध्ये, स्कोअरच्या पातळीवर.

गाण्यात मात्र आडवं अंतर बहुधा शब्द ठरवतात, स्वर नव्हे. एका आठव्या स्वराखाली ‘स्वप्नां’ आलं की तो बार फुगतो. लिरिक-टेक्स्टचा फॉन्ट-साइझ उणे १ केला की पुष्कळदा भागतं. उणे २ च्या खाली जाऊ नका. मागच्या रांगेतल्या बेसवाल्यांना चष्मा असतो. अक्षरं एकमेकांना चिकटून दोन शब्द एक वाटत असतील तर लिरिक-स्पेसचं मिनिमम-डिस्टन्स १ करा.

पायरी ६: एकेक खूण

इथवर आल्यावर पान बऱ्यापैकी बसलेलं असतं. आता टक्कर.

एका स्टाफवर दोन आवाज असतील तर \व्हॉइसवन आणि \व्हॉइसटू लिहिलेत ना, हे आधी बघा. ते नसेल तर दोन्ही आवाजांच्या दांड्या एकाच दिशेला जातात, स्वर एकमेकांवर चढतात आणि लॉगमध्ये या आवाजाला व्हॉइस किंवा शिफ्ट सेटिंग हवं असा इशारा येतो. सोप्रानोचा अर्धा आणि आल्टोचा आठवा स्वर एकाच जागी आले आणि एकच डोकं चालणार असेल तर \मर्ज-डिफरंटली-हेडेड-ऑन. तरीही आल्टो अडत असेल तर, आणि तेव्हाच, नोट-कॉलमचं फोर्स-एचशिफ्ट देऊन तो आडवा सरकवा.

स्टाफच्या बाहेरच्या खुणांना प्राधान्यक्रम असतो, आउटसाइड-स्टाफ-प्रायॉरिटी. लहान आकडा स्टाफला जवळ, मोठा लांब. डायनॅमिक्सचा (आवाज लहान-मोठा करायच्या खुणांचा) मुळातला २५०, साध्या मजकुराचा ४५०, पुनरावृत्तीच्या व्होल्टा कंसाचा ६००. म्हणून ‘सावकाश’ हा शब्द व्होल्टाच्या खाली बसतो. तो वर हवा असेल तर हाताने ढकलू नका, त्याची प्रायॉरिटी ६५० करा. जागा तो स्वतः शोधेल. एक्स्ट्रा-ऑफसेट हा सोपा वाटणारा उपाय सगळ्यात शेवटचा. त्याने वस्तू हलते, पण बाकीच्या पानाला ती हलल्याचं कळत नाही. मग ती तिसऱ्याच कशावर तरी जाऊन बसते.

\ओव्हरराइड लागूच पडत नसेल तर संदर्भ चुकलाय का ते बघा. नुसतं वस्तूचं नाव लिहिलं तर लिलिपॉन्ड ते व्हॉइसच्या पातळीवर लावतो. टाइम सिग्नेचर राहते स्टाफमध्ये, बार नंबर स्कोअरमध्ये. म्हणून स्टाफ, टिंब, टाइम-सिग्नेचर असं लिहावं लागतं. एकाच जागेपुरता बदल हवा असेल तर आज्ञेच्या आधी \वन्स लावा, नाहीतर तो गाणं संपेपर्यंत चालू राहतो.

स्लरचा आकार खरोखरच बिघडला असेल तर \शेप आहे. चार नियंत्रणबिंदू, प्रत्येकाला आडवं आणि उभं सरकवायचं माप. \व्हीशेप तेच करतो, शिवाय ते बिंदू पानावर दाखवतो. जुळवताना तो वापरा, झालं की \शेप करा. पण आधी \स्लरअप किंवा \स्लरडाउनने दिशा बदलून बघा. निम्म्या वेळा तेवढंच पुरतं.

लांब रचनेत एका खुणेसाठी दर वेळी सगळं पुन्हा तयार होण्याची वाट बघू नका. फाइलमध्ये शो-लास्ट-लेंग्थला शेवटच्या पाच बारएवढी किंमत दिली की तेवढेच बार छापले जातात. मात्र ओळी त्यात वेगळ्या तुटतात, म्हणून यात फक्त टक्कर तपासायची, ओळींचा निर्णय नाही.

पायरी ७: छपाई

फ्रेस्कोबाल्डीतून शेवटची पीडीएफ काढताना पब्लिश पद्धत निवडा. क्लिक करून फाइलमध्ये उडी मारायचे दुवे त्यात राहत नाहीत, पीडीएफ हलकी होते. ॲनोटेट-स्पेसिंग बंद केलंय ना ते बघा.

झेरॉक्सवाल्याकडे किंवा घरच्या प्रिंटरवर ‘फिट टू पेज’ बहुधा चालूच असतं. ते बंद करून शंभर टक्क्यांवर छापायला सांगा, पहिली प्रत निघाली की पट्टी लावा. १८ पॉइंटच्या स्टाफच्या वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत सव्वासहा मिमीच्या किंचित वर भरलं पाहिजे. सहाच्याही खाली आलं तर प्रिंटरने पान आकसलंय. फाइलला हात लावू नका, सेटिंग बदलून पुन्हा छापा.